मतपेटी नसलेल्या राज्यात लोकपाल आधी हवा

१८८२ साली कोल्हापूरच्या कारभारावर लिहिल्यामुळे दोन संपादक तुरुंगात गेले. चौथे शिवाजी महाराज वेडे असल्याचे सांगून त्यांना ज्या रीतीने ठेवले जात होते, त्याबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’मध्ये मजकूर छापून आला. दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारे हा मजकूर लिहिला होता, ती बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा अहमदनगरच्या किल्ल्यात मृत्यू झाला.

हा इतिहास कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे. त्यातला कारभाराचा भाग मात्र फारसा कोणी तपासत नाही. महाराजांना कसे वागवले जाते, हे जाऊन पाहण्याचा अधिकार नेमका कोणाला होता? दिवाण इंग्रजांच्या संमतीने नेमलेला. त्याच्यावर पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानातला इंग्रजांचा प्रतिनिधी, आणि एजंटावर मुंबई सरकार. तक्रार कोणत्याही पायरीवर केली तरी ती पोहोचायची नेमणूक करणाऱ्यांकडेच. दफ्तर उघडून पाहू शकेल आणि तरीही दिवाणाचा किंवा एजंटाचा ताबेदार नसेल, असा एकही माणूस त्या व्यवस्थेत नव्हता. मग लोकांजवळ वर्तमानपत्रे उरली आणि वर्तमानपत्रांजवळ हाताला लागतील ते कागद. ते कागद खरे की खोटे, हे ठरवण्यासाठी लागणारे मूळ दफ्तर ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याच्याच कपाटात होते.

वसाहतीच्या सरकारने जनतेच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपाल नेमावा का, हा प्रश्न म्हणूनच कोल्हापूरकराला परका वाटू नये. इथे लोकपाल म्हणजे ज्याला जगभर ओम्बड्समन म्हणतात तो. मंत्र्यांच्या लाचखोरीवर खटले भरणारा लोकपाल मला इथे अभिप्रेत नाही. दिरंगाई, दुर्लक्ष, पक्षपात, कारण न देता नाकारलेला अर्ज, हरवलेली फाइल, नियम एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा लावणे, अशा गैरकारभाराची फुकट चौकशी करून दुरुस्ती सुचवणारा हा अधिकारी. माझे उत्तर स्पष्ट आहे. नेमावा, आणि निवडून आलेल्या सरकारने नेमायच्या आधी अशा सरकारने नेमावा. लोकशाहीत वाईट कारभाराला निदान पाच वर्षांनी मतदानाची शिक्षा असते. वसाहतीत तीही नसते. जिथे सत्ता बदलण्याचा मार्ग बंद आहे, तिथे सत्तेची चूक दुरुस्त करण्याचा मार्ग तरी उघडा असायला हवा.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वसाहतवाद्यांचा नाही, स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्यांचा आहे. ते म्हणतात, लोकपाल नेमला की परकी सत्तेला न्यायी असल्याचा मुखवटा मिळतो आणि मताधिकाराची मागणी बोथट होते. आक्षेपात तथ्य आहे. पण अनुभव पाहिला तर वसाहती सरकारांनी लोकपाल देण्यात उत्साह दाखवल्याचे दिसत नाही. स्वीडनमध्ये ही संस्था १८०९ पासून आहे. डेन्मार्कमध्ये ती १९५५ मध्ये कामाला लागली, न्यूझीलंडने १९६२ मध्ये कायदा केला, खुद्द ब्रिटनने १९६७ मध्ये. ब्रिटिश वसाहतींपैकी अनेकांना मात्र ती मिळाली स्वातंत्र्याबरोबर: गयानाला १९६६ मध्ये, मॉरिशसला १९६८ च्या राज्यघटनेत, फिजीला १९७० च्या राज्यघटनेत. फिजीचे पहिले लोकपाल मोती टिकाराम हे भारतीय वंशाचे होते. मुखवटा म्हणून ही संस्था इतकी सोयीची असती, तर स्वतः जाण्याच्या आधी कितीतरी वर्षे गव्हर्नरांनी ती वापरली असती. त्यांनी ती टाळली, कारण फाइल मागण्याचा अधिकार बाहेरच्या माणसाला देणे कोणत्याही प्रशासनाला जड जाते.

हाँगकाँगचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोलका आहे, कारण तिथे हा प्रश्न वीस वर्षे भिजत पडला होता. १९६७ च्या दंगलींनंतर सरकारला लोकांशी असलेले अंतर जाणवले. पुढच्या वर्षी जिल्हा अधिकाऱ्यांची योजना आली. शहराच्या प्रत्येक भागात एक अधिकारी, जो लोकांचे ऐकून घेईल आणि खात्यांना कळवेल. १९६९ मध्ये तिथल्या कायदेतज्ज्ञांच्या एका संघटनेने स्वतंत्र लोकपालाची शिफारस केली. सरकारचे म्हणणे असे की जिल्हा अधिकारी आहेत, विधान परिषद आणि कार्यकारी परिषदेच्या सदस्यांचे तक्रार कार्यालय आहे, आणखी कशाला? १९७३ मध्ये पीटर गॉडबर हा वरिष्ठ पोलीस अधिकारी भ्रष्टाचाराची चौकशी चालू असताना देशाबाहेर निसटला, लोक रस्त्यावर आले आणि १९७४ मध्ये भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग स्थापन झाला. तो अजूनही नावाजला जातो. पण लाच न घेता केलेला अन्याय त्याच्या कक्षेत येत नव्हता. ज्याची फाइल कारकुनाच्या आळसामुळे दोन वर्षे पडून आहे, त्याला तो आयोग काय देणार?

शेवटी १९८८ मध्ये कायदा झाला आणि फेब्रुवारी १९८९ पासून प्रशासकीय तक्रारींचे आयुक्त काम करू लागले. पहिले आयुक्त आर्थर गार्सिया हे न्यायाधीश होते. कायद्यात एक गाठ मात्र मारून ठेवली होती. नागरिकाला थेट आयुक्तांकडे जाता येत नव्हते, तक्रार विधान परिषदेच्या सदस्यामार्फत यावी लागे. ही पद्धत ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यातून उचललेली. तिथे खासदार निवडून आलेला असतो, मतदाराचे काम करण्यात त्याचा स्वार्थ असतो. हाँगकाँगच्या विधान परिषदेत १९८५ पर्यंत एकही सदस्य निवडून आलेला नव्हता, आणि थेट मतदानाने पहिले सदस्य आले ते १९९१ मध्ये, ६० पैकी १८ जागांवर. म्हणजे १९८९ मध्ये गव्हर्नरच्या सरकारविरुद्धची तक्रार ज्या दारातून जायची, त्या दाराशी बरेचसे गव्हर्नरनेच नेमलेले लोक उभे होते. तक्रारी थोड्याच आल्या. १९९४ मध्ये कायदा बदलला, थेट तक्रार सुरू झाली, तक्रार नसतानाही स्वतःहून चौकशी करण्याचा आणि तक्रारदाराचे नाव न देता अहवाल प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळाला. तक्रारी कित्येक पटींनी वाढल्या. कारभार एका वर्षात इतका बिघडला नव्हता. आधी दाबून ठेवलेले वर आले.

१९९६ च्या अखेरीस पदाचे नाव बदलून ओम्बड्समन झाले. २००१ मध्ये आणखी एक दुरुस्ती झाली आणि हे कार्यालय सरकारी खात्यापासून कायद्याने वेगळे झाले, स्वतःची माणसे स्वतः नेमू लागले. तोवर तपास करणारे कर्मचारी सरकारी खात्यांतून येत आणि परत खात्यांत जात. उद्या ज्या साहेबाच्या हाताखाली जायचे आहे, त्याच्याविरुद्ध आज परखड टिपण लिहिणे किती जणांना जमेल?

ब्रिटिश सत्ता १९९७ मध्ये संपली. चीनच्या सत्तेखालच्या हाँगकाँगसाठी केलेल्या नव्या मूलभूत कायद्यात भ्रष्टाचारविरोधी आयोगाचा आणि लेखापरीक्षणाचा स्वतंत्र उल्लेख आहे, लोकपालाचा नाही. तरीही लोकपाल टिकला. मुखवट्याच्या आक्षेपाला माझ्या मते हे बऱ्यापैकी उत्तर आहे. सत्ता कोणाचीही असो, रोजच्या कारभारातली चूक शोधणारी यंत्रणा लोकांना उपयोगाची वाटते आणि ती काढून घेणे नव्या सत्तेलाही सोपे जात नाही. अर्थात तिची मर्यादाही तिथेच दिसते. पोलीस आणि भ्रष्टाचारविरोधी आयोग जवळजवळ पूर्णपणे तिच्या कक्षेबाहेर आहेत, खटले भरण्याचे निर्णय बाहेर आहेत, कर्मचाऱ्यांच्या बढत्या-बदल्या बाहेर आहेत, निविदेची प्रक्रिया सोडली तर व्यापारी करार बाहेर आहेत. लोकपाल हा मताधिकाराला पर्याय नाही आणि तसा तो कोणी विकू नये. हाँगकाँगच्या माणसाला पुढे जे राजकीय हक्क गमवावे लागले, ते कोणताही लोकपाल वाचवू शकला नसता.

आता कोल्हापूर. इथे वसाहत नाही, राज्यघटना आहे. पण २०२० च्या नोव्हेंबरमध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे शहर प्रशासकाच्या हाती होते. निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. मधल्या काळात महासभेचे अधिकार, स्थायी समितीचे अधिकार आणि आयुक्तांचे अधिकार एकाच खुर्चीत होते. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. ठेका देणारा आणि ठेक्यावर प्रश्न विचारू शकणारा एकच. व्यक्ती चांगली होती की वाईट हा मुद्दाच नाही. कामसू अधिकारीही या रचनेत स्वतःच्या निर्णयावरची तक्रार स्वतःच ऐकतो. निवडून न आलेल्या सत्तेखाली लोकपाल हवा हा युक्तिवाद मांडताना हाँगकाँगपर्यंत जाण्याची खरे तर गरज नाही, गांधी मैदान विभागीय कार्यालयापर्यंत गेले तरी पुरे.

नगरसेवक नसताना तक्रारीचे काय होते, ते पाहावे. माणूस अर्ज घेऊन बारनिशीत, म्हणजे आवक-जावक विभागात, जातो, पोहोचेचा शिक्का घेतो. अर्ज विभागप्रमुखाकडे जातो, तिथून उपशहर अभियंत्याकडे, तिथून बहुधा त्याच कनिष्ठ अभियंत्याकडे किंवा लिपिकाकडे, ज्याच्या कामाबद्दल तक्रार होती. शेरा पडतो: ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’. तो कर्मचारी उत्तर लिहितो की कार्यवाही नियमानुसार झाली आहे. ते उत्तर त्याच वाटेने वर चढते आणि साहेबांच्या सहीने अर्जदाराला मिळते. ऑनलाइन तक्रारीत वाट हीच, फक्त कागद नाही. तिथे आणखी एक घोळ होतो. तक्रार दुसऱ्या विभागाकडे वर्ग केली की पहिल्या विभागाच्या खात्यात ती निकाली निघाल्याचे दिसते. तीन विभाग फिरलेली तक्रार आकडेवारीत अनेकदा निकाली निघू शकते आणि गटार तसेच तुंबलेले राहू शकते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये आपल्या तक्रार पोर्टलसाठी निपटाऱ्याची मुदत २१ दिवसांवर आणली. चांगली गोष्ट. पण मुदत कमी केल्याने उत्तर लवकर येते, उत्तर देणारा बदलत नाही.

लोकशाही दिन आहे, असे यावर सांगितले जाते. महिन्याचा पहिला सोमवार, जिल्हाधिकारी किंवा आयुक्त समोर, खातेप्रमुख रांगेत. त्याचा फायदा नक्की होतो. अडलेला दाखला, मोजणीची तारीख, पेन्शनचा हप्ता, अशी कामे साहेबांच्या एका वाक्यात सुटतात. पण अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, तक्रार वैयक्तिक असावी लागते, आधी तालुका पातळीवर जाऊन यावे लागते, न्यायप्रविष्ट आणि सेवाविषयक बाबी घेतल्या जात नाहीत. गल्लीतल्या शंभर घरांना गढूळ पाणी येते ही तक्रार ‘वैयक्तिक’ या चौकटीत बसवणे कठीण. शिवाय खुद्द आयुक्तांच्या निर्णयाविरुद्ध आयुक्तांच्याच लोकशाही दिनात काय मागायचे? हाँगकाँगच्या जिल्हा अधिकाऱ्यांचे दुखणे हेच होते. ते ऐकून घेत. ते स्वतंत्र नव्हते.

२०१५ चा लोकसेवा हक्क कायदा अधिक दणकट आहे. अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही तर पहिले अपील, दुसरे अपील, मग राज्य सेवा हक्क आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. जन्मदाखला, नळजोडणी, मिळकतीच्या नावातला बदल यांसाठी तो वापरावा, नक्की वापरावा. पण तो मुदत मोजतो. सेवा यादीत नसेल तर तो लागू होत नाही आणि निर्णय मुदतीत पण चुकीचा दिला तर फारसे काही करू शकत नाही. वीजग्राहकाची स्थिती यापेक्षा बरी आहे. वितरण कंपनीकडे तक्रार, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, मग २००३ च्या वीज कायद्याखालचा विद्युत लोकपाल. बँकेच्या ग्राहकाला रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. आधी बँकेला लिहायचे, ३० दिवसांत समाधान झाले नाही तर फुकट, वकिलाशिवाय, घरबसल्या तक्रार. म्हणजे चुकीच्या वीजबिलासाठी आणि एटीएममधून न निघालेल्या नोटांसाठी लोकपाल आहे, पण चुकीच्या घरफाळ्यासाठी कोल्हापूरकराच्या आवाक्यात कोणी नाही. हे मला अजिबात पटत नाही.

लोकायुक्त आहेत की, असा प्रश्न इथे येईल आणि तो रास्त आहे. लोकायुक्त संस्था प्रत्यक्षात आणणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. कायदा १९७१ चा, काम १९७२ पासून सुरू. त्याआधी १९६६ मध्ये केंद्राच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने नागरिकांच्या गाऱ्हाण्यांवर अंतरिम अहवाल देऊन लोकपाल आणि लोकायुक्तांची शिफारस केली होती. आपल्या कायद्यात ‘गाऱ्हाणे’ आणि ‘आरोप’ असे दोन वेगळे प्रकार आहेत, ही त्यातली मोठी जमेची बाजू. गाऱ्हाणे म्हणजे गैरकारभारामुळे झालेला अन्याय, आरोप म्हणजे भ्रष्टाचार किंवा पदाचा दुरुपयोग. गाऱ्हाणे कृती कळल्यापासून १२ महिन्यांत मांडायचे, आरोप कृतीच्या तारखेपासून तीन वर्षांत, दोन्हींबरोबर प्रतिज्ञापत्र. लोकायुक्त शिफारस करतात, आदेश देत नाहीत. शिफारस डावलली गेली तर राज्यपालांकडे विशेष अहवाल आणि तिथून विधिमंडळात.

कागदावर हे पुरेसे वाटते. अडचण अंतराची आणि लक्ष कुठे आहे याची. कार्यालय मुंबईत. गेल्या पंधरा वर्षांत लोकायुक्त हा शब्द निघाला की चर्चा मुख्यमंत्र्यांची चौकशी होणार की नाही यावर जाते. २०२२ च्या डिसेंबरात विधानसभेने आणि २०२३ च्या डिसेंबरात विधान परिषदेने मंजूर केलेल्या नव्या लोकायुक्त विधेयकाची चर्चाही त्याच दिशेने झाली. ती महत्त्वाची आहेच. पण शिवाजी पेठेतल्या ज्या विधवेच्या घराची एक निवासी खोली कर आकारणीत दुकान म्हणून चढली, तिचे गाऱ्हाणे त्या गदारोळात कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही.

या खोलीचे उदाहरण जरा पुढे नेतो, कारण लोकपाल नेमके काय करतो आणि काय करत नाही, हे त्यातून उलगडते. समजा सर्वेक्षणाच्या वेळी बंद शटर पाहून खोली व्यापारी नोंदली गेली आणि मागणी एकदम वाढून आली. तिने हरकतीचा अर्ज दिला. सुनावणीची नोटीस आलीच नाही, पुढच्या वर्षीच्या बिलात जुनी रक्कम थकबाकी म्हणून दंडासह आली. कोर्टात अपील करायचे तर वादातली रक्कम आधी भरावी लागते, वर वकील. म्हणून ती गप्प बसते किंवा हप्त्याने भरते.

लोकपालाकडे तिचा साधा अर्ज आला, तर तो आधी दोन गोष्टी पाहील. तिने खात्याकडे दाद मागितली होती का, आणि प्रकरण मुदतीत आहे का. मग तो कर आकारणी विभागाला पत्र धाडून खुलासा मागत बसणार नाही. तो मूळ फाइल मागवेल. फरक इथे पडतो. खुलाशात लिहिलेले असते की सुनावणीची नोटीस बजावली. फाइलमध्ये पाहिले तर नोटिशीची स्थळप्रत असते, पण बजावणीची सही नसते. हरकतींच्या नोंदवहीत तिचा अर्ज चढलेला असतो, निकालाचा रकाना कोरा. सर्वेक्षण करणाऱ्याच्या मोजमाप पत्रकात वापराचा प्रकार खोडून वर दुसरा लिहिलेला, खोडाखोडीवर सही नाही. त्याच गल्लीतल्या आणखी घरांची पत्रके काढली तर अशीच खोडाखोड दिसते. आता हे एका घराचे गाऱ्हाणे राहत नाही. लोकपाल अहवालाचा मसुदा विभागाला पाठवतो, कारण ज्याच्यावर ठपका येणार त्याचे म्हणणे ऐकणे बंधनकारक असले पाहिजे. मग अंतिम शिफारस: सुनावणी नव्याने घ्या, दंड मागे घ्या, त्या सर्वेक्षणातल्या सर्व खोडलेल्या नोंदी तपासा, यापुढे वापर बदलताना फोटो आणि मिळकतधारकाची सही घ्या. खोलीचे करमूल्य किती, हे तो ठरवत नाही. तो निर्णय खात्याचाच. निर्णय ज्या रीतीने झाला ती रीत मात्र तो तपासतो. १९६६ मध्ये ब्रिटिश संसदेत मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी गैरकारभाराची जी यादी सांगितली, पक्षपात, दुर्लक्ष, दिरंगाई, अकार्यक्षमता, मनमानी, ती सगळी रीतीबद्दलची आहे.

शिफारस कोणी मानलीच नाही तर? हा प्रश्न प्रत्येक सभेत विचारला जातो आणि बरेच जण त्यावर आदेशाचे अधिकार देण्याची मागणी करतात. मी त्या बाजूचा नाही. आदेश देणारा लोकपाल हा आणखी एक न्यायाधिकरण होतो. मग तिथे वकील येतात, तारखा पडतात, आदेशाला उच्च न्यायालयात स्थगिती मिळते, आणि फुकट व जलद हा त्याचा जीवच निघून जातो. शिफारशीला धार येते ती दोन गोष्टींनी. एक, शिफारस नाकारायची तर लेखी कारण ठरलेल्या मुदतीत देण्याचे बंधन. दोन, ती शिफारस आणि ते कारण दोन्ही लोकांसमोर येणे. महासभेत पटलावर ठेवलेला, वर्तमानपत्रात छापलेला, खात्याचे नाव असलेला आणि तक्रारदाराचे नाव नसलेला अहवाल कोल्हापुरात वाचला जातो. या शहरातल्या तालमी, पेठा आणि सर्वपक्षीय कृती समित्या कागद हाती आला की काय करू शकतात, हे शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी सर्वांनी पाहिले.

टोलचा विषय काढलाच आहे तर त्यातली एक बाजू सांगायला हवी. सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा तो प्रकल्प, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखालचा वर्षानुवर्षांचा लढा, आणि अखेर टोल रद्द. लोक जिंकले. पण रस्त्यांचा दर्जा, अपुरी राहिलेली गटारे, पदपथ, स्थलांतरित न केलेल्या जलवाहिन्या, यांचे तटस्थ मूल्यमापन आंदोलन पेटल्यावर झाले. करारातल्या अटी लोकपालाच्या कक्षेबाहेर राहतील, हे मी मान्य करतो. कामाच्या देखरेखीत झालेले दुर्लक्ष मात्र नक्की आत येते, आणि ते काम चालू असताना पाहता आले असते.

नगरसेवकांना हा अधिकारी खटकेल, हेही उघड आहे. तक्रार सोडवणे हीच त्यांची प्रभागातली ओळख. इंग्लंडमध्ये १९७४ मध्ये स्थानिक संस्थांसाठी लोकपाल आले तेव्हा तिथेही तक्रार नगरसेवकामार्फतच यावी असा नियम ठेवला होता. १९८८ मध्ये तो काढावा लागला. चांगल्या नगरसेवकाचे काम लोकपालामुळे कमी होत नाही. रस्त्यावरचा दिवा लावायला लोकपाल लागत नाही, नगरसेवकाचा फोन पुरतो. पण ज्याने नगरसेवकाच्या विरोधात प्रचार केला, जो भाडेकरू म्हणून मतदारयादीतच नाही, ज्याची तक्रार नगरसेवकाच्या नातेवाइकाच्या बांधकामाबद्दल आहे, त्याने कोणाला फोन करायचा?

केरळने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी वेगळा लोकपाल २००० मध्ये नेमला. सुरुवातीला सात सदस्यांचे मंडळ होते. पुढच्याच वर्षी ते मोडून उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांचे एकसदस्यीय पद केले. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ मध्ये स्थानिक संस्थांच्या लोकपालाची शिफारस केली आणि तेराव्या वित्त आयोगाने कामगिरीवर आधारित अनुदानासाठी ज्या अटी घातल्या त्यात अशा स्वतंत्र यंत्रणेची अट होती. म्हणजे कल्पना नवी नाही, तिला आर्थिक कारणही जोडले गेले होते.

कोल्हापूर महापालिकेने स्वतःचा लोकपाल ठराव करून नेमावा, ही सूचना अधूनमधून पुढे येते. मी तिला विरोध करतो. महापालिकेने नेमलेला, महापालिकेच्या अंदाजपत्रकातून मानधन घेणारा, महापालिकेच्या इमारतीत बसणारा आणि ठरावाने काढता येणारा माणूस पहिल्या परखड अहवालानंतर पंगू होतो. कार्यालयाचे भाडे थकते, लिपिकाची बदली होते, वाहन मिळत नाही. पद मोडण्याची गरजच पडत नाही. बर्म्युडासारख्या आजही ब्रिटिश अखत्यारीतल्या बेटावर लोकपाल हे पद थेट राज्यघटनेत घातले, २००४ मध्ये कायदा केला आणि २००५ मध्ये पहिली नेमणूक केली. तिथे गव्हर्नर नेमणूक करतो, पण पंतप्रधानांशी विचारविनिमय करून, आणि पंतप्रधानांनी विरोधी पक्षनेत्याशी बोलावे लागते. परक्या सत्तेच्या छायेतल्या बेटाला जे जमते, ते आपल्याला का जमू नये?

त्यापेक्षा सरळ मार्ग असा. १९७१ च्या कायद्यानेच एकापेक्षा अधिक उपलोकायुक्त नेमता येतात. एका उपलोकायुक्तांचे कायमचे कार्यालय कोल्हापुरात ठेवावे आणि त्यांच्याकडे फक्त गाऱ्हाणी द्यावीत, आरोप मुंबईत राहू द्यावेत. कक्षा कोणती, हे ठरवायला डोके खाजवण्याची गरज नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे सुरू झाले, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. पक्षकाराला मुंबईचा हेलपाटा पडू नये म्हणून वकिलांनी आणि नागरिकांनी चार दशके जो युक्तिवाद केला, तो गाऱ्हाण्याच्या अर्जाला तर अधिकच लागू पडतो. खटल्यासाठी माणूस कर्ज काढून मुंबईला जातो. नळाच्या तक्रारीसाठी जात नाही.

खर्च राज्याच्या लोकायुक्त कार्यालयातून व्हावा, एकाही स्थानिक संस्थेच्या तिजोरीतून नको. चौकशीसाठी लागणारी माणसे थोडीच, पण निवड नीट हवी: एक निवृत्त लेखापरीक्षक, एक स्थापत्य अभियंता, महसूल दफ्तर वाचता येणारे एक-दोन जण, आणि त्यांच्यापैकी कोणीही गेल्या पाच वर्षांत या सहा जिल्ह्यांतल्या महापालिकेत किंवा जिल्हा परिषदेत नोकरीला नसावा. प्रतिज्ञापत्राची अट गाऱ्हाण्यापुरती काढून साध्या सहीच्या अर्जावर काम सुरू करावे. खोट्या तक्रारींची भीती घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की पहिल्याच टप्प्यावर फाइल मागवली की खोटी तक्रार आठवड्यात उघडी पडते. निनावी अर्ज घेऊ नयेत, मात्र नाव गुप्त ठेवण्याची मागणी मान्य करावी, कारण बांधकाम परवान्याच्या तक्रारीत शेजाऱ्याशी उभे वैर होते. खात्याला मूळ फाइल हजर करायला सात दिवस द्यावेत. झेरॉक्स चालणार नाही, कारण मागच्या तारखेचे टिपण मागाहून घुसवले असेल तर ते शाईत आणि पानांच्या क्रमांकात दिसते, झेरॉक्समध्ये दिसत नाही. आणि फाइल सापडत नाही असे उत्तर आले, तर तेच गैरकारभार म्हणून नोंदवावे आणि तिथून पुढे तक्रारदाराकडची पोहोच हाच पुरावा धरावा.